तिसरी शिट्टी

माझा खून आमच्याच स्वयंपाकघरात करायचा, हे माझ्यादेखत ठरलं. मी गवार मोडत होते. समोर भाचा, त्याचे तीन सोबती आणि माझ्या हातचे पोहे. “आत्या, तुला काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचंय,” भाचा म्हणाला. वर्गात उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगलेल्या बाईला असं काम आयुष्यात पहिल्यांदाच सांगून येत होतं. मी लगेच होकार दिला. साडी मात्र माझी मी निवडणार, एवढी एकच अट घातली.

भाचा कोल्हापुरातच सिनेमाचं शिक्षण घेतो. सत्राचं काम म्हणून त्यांना थ्रिलर चित्रपटाची सुरुवातीची दोन मिनिटं करून द्यायची होती. फक्त सुरुवात; पुढचा चित्रपट नाही. या अटीतलं सुख ध्यानात घ्या. खून करायचा, पण कोणी केला, का केला, हे सांगायचं बंधन नाही. इन्स्पेक्टर नको, कोर्ट नको, शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून खुलासा करणारा गुप्तहेर नको. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या गृहस्थाला दर वेळी शेवटही लिहावा लागला. ही पोरं नुसती कोडी घालून मोकळी होणार होती.

मंडळींची ओळख करून देते. भाचा दिग्दर्शक, कारण कल्पना त्याची आणि घर त्याच्या आत्याचं. एक मुलगी कॅमेऱ्यावर. ती बोलत नाही, पण बोटांची चौकट करून त्यातून माणसाकडे एकटक बघते, त्यामुळे पदर सावरावासा वाटतो. एक मुलगा आवाजाचा. त्याला आमच्या घरातला प्रत्येक पंखा शत्रू वाटतो. चौथा प्रॉडक्शन, म्हणजे ज्याच्याकडे मोटरसायकल आहे तो.

यांचा पहिला आराखडा मी वाचला आणि सवयीनं लाल पेन हातात घेतलं. सुरुवातीला गजर वाजतो. नायक डोळे उघडतो. मग तो दात घासतो, आरशात बघतो, पुन्हा दात घासतो. मग टोपीचा काळा जाड स्वेटर घातलेली आकृती पाठमोरी चालत जाते, तीही एप्रिलमध्ये, भर कोल्हापुरात! मग एक खोली, लुकलुकणारी ट्यूब, ठिबकणारा नळ आणि भिंतीवर वर्तमानपत्रांची कात्रणं लाल दोऱ्यानं एकमेकांना जोडलेली. दोरा म्हणून माझ्या पूजेच्या सामानातली नाडापुडी आधीच गायब झाली होती. मी समासात एवढंच लिहिलं, की दोन मिनिटांतला निम्मा वेळ दातांवर गेलाय. हा थ्रिलर आहे की टूथपेस्टची जाहिरात?

“आत्या, वातावरणनिर्मिती असते ती,” भाचा म्हणाला. मग प्रत्येकानं आपापला गुरू काढला. कॅमेरेवालीनं ऑर्सन वेल्सचा १९५८ चा ‘टच ऑफ ईव्हिल’ मोबाइलवर दाखवला. पहिल्याच क्षणी कोणीतरी गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवतं, मग एक जोडपं त्या गाडीत बसतं आणि कॅमेरा एकदाही न तोडता तीन मिनिटांहून जास्त वेळ गाडीच्या मागेपुढे हिंडतो. शॉट अप्रतिम, यात वादच नाही; पण आमच्या दोन मिनिटांत वेल्सची गाडी अजून रस्त्यातच असती. भाच्याचा गुरू जवळचा निघाला, श्रीराम राघवन. त्यांचा ‘अंधाधुन’ कोबीच्या शेतात सुरू होतो: एक ससा, त्याच्यामागे बंदूक घेतलेला माणूस, आणि या सशाचा कथेशी काय संबंध ते कळायला शेवटपर्यंत बसावं लागतं. “म्हणून आपल्याकडंपण कोबी पाहिजे,” भाचा म्हणाला, “गुरूला मानवंदना.” भाजीच्या खर्चाला कलात्मक कारण मिळालं. प्रॉडक्शन लगेच कोबी आणायला गेला.

आवाजवाल्या पोरानं मग हिचकॉकची गोष्ट सांगितली आणि पोह्यांची बशी मी खाली ठेवली. त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकानं १९६२ मध्ये हिचकॉकच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, त्यातलं हे उदाहरण. माणसं टेबलाभोवती गप्पा मारत बसलीत आणि एकदम टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पंधरा सेकंदांत विसरतो. आता तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, भिंतीवरचं घड्याळ दाखवा, गप्पा त्याच राहू द्या. प्रेक्षक पंधरा मिनिटं आतल्या आत ओरडत बसतो, की अरे, गप्पा कसल्या मारताय, उठा!

“अरे, मग हे तर आपल्या ओट्यावर रोज चालतं,” मी म्हटलं. चौघं बघत राहिले. मी सांगितलं: डाळ-भाताला तीन शिट्ट्या. दोन झाल्या. आता बाईला फोन येऊ दे, पाहुणा येऊ दे, भूकंप होऊ दे, तिचा एक कान ओट्याकडे असतो. तिसरी झाली की ती सुटली. पण समजा, तिसरी झालीच नाही, तर?

कॅमेरेवालीनं बोटांची चौकट केली आणि ती माझ्यावरून काढून कुकरवर नेली. तेव्हाच मी समजले, की माझं पद गेलं; चित्रपटाचा नायक कुकर.

त्या संध्याकाळी खरं काम सुरू झालं. आमच्या गावाला सिनेमाचा वारसा आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिकडून जाताना भाचा हल्ली छाती काढून चालतो. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, त्यावर १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला, आणि चित्रीकरणाआधी ते पोशाखांची, पात्रांच्या हालचालींची चित्रं काढून ठेवत. आमच्या मंडळींनीही चित्रं काढली, माझ्या जुन्या पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकांवर. त्यात मी म्हणजे एक गोल आणि खाली त्रिकोण. कुकर मात्र शिट्टीच्या खाचांसकट हुबेहूब.

कुकर इतक्या जवळून मीही कधी पाहिला नव्हता. मोबाइल टेकवून कॅमेरेवालीनं दाखवलं: वाफ धरायला लागली की शिट्टी आधी नुसती थरथरते. कडेनं पाण्याचा एक बारीक थेंब येतो, तापलेल्या झाकणावर नाचतो आणि नाहीसा होतो. मग शिट्टी जराशी कलते, सुस्कारते, परत बसते. दर वेळी वाटतं, आत्ता होणार. आच मंद केली, की कुकर हे सोंग तासभर करू शकतो. हे ज्ञान त्यांच्या एकाही पुस्तकात नव्हतं, हे इथं अभिमानानं नमूद करते.

हत्यारावरून मात्र वाजलं. दिग्दर्शकाला लखलखता सुरा हवा होता. आमच्या घरी विळी. तिचं पातं सुऱ्याहून भयानक दिसतं, कोबी चिरताना त्यावरून पांढऱ्या पट्ट्या सरसर उतरतात तेव्हा माझ्याच अंगावर काटा येतो, पण विळीनं खून करायचा, तर खुन्याला आधी पाटावर बसून एक पाय दाबून धरावा लागतो आणि मग “जरा पुढं येता का?” अशी विनंती करावी लागते. पुष्कळ चर्चेअंती ठरलं, की हत्यार दाखवायचंच नाही.

खुन्याचंही तेच झालं. ज्या मित्राला खुनी ठरवलं होतं, त्याची नेमकी त्या दिवशी स्पर्धा परीक्षा निघाली. भाचा हवालदिल. मग आवाजवाल्यानं ‘जॉज’ची आठवण करून दिली. १९७५ च्या त्या चित्रपटात यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गनं तो बराच वेळ दाखवलाच नाही आणि प्रेक्षक न दिसणाऱ्या शार्कलाच जास्त घाबरले. मला वाटतं, चांगल्या थ्रिलरमधलं निम्मं कसब अडचणीतून येतं. पैसा आणि नट दोन्ही मुबलक असते, तर आमच्या पोरांनी दात घासण्याचाच प्रसंग भव्य केला असता.

तर खुनी दिसणार नाही, त्याची फक्त चप्पल ऐकू येईल. आणि चप्पल कोणती? करकर वाजणारी कोल्हापुरी. मी शंका काढली, “खुनी एवढा वाजतगाजत येत असेल, तर मी पळून का जात नाही?”

यावर शांतता पसरली. उत्तर शेवटी माझं मलाच सुचलं आणि तीच आमची सुरुवात झाली. बाई दाराकडे पाठ करून विळीवर कोबी चिरते आहे. एक शिट्टी होते. दुसरी होते. बाहेर चप्पल करकरते, उंबऱ्याशी थांबते. बाई मान वळवत नाही, नुसतं म्हणते, “आलास? तिसरी झाली की बंद कर हं.” बस्स. यानंतर कॅमेरा फक्त कुकरवर. मागे कोबी चिरण्याचा सर्र सर्र आवाज चालू. मग तो थांबतो. शिट्टी कलते, सुस्कारते, बसते. पुन्हा कलते. काळा पडदा, नाव.

भाचा उठून उभा राहिला. “म्हणजे खुनी घरचाच!” “घरचाच,” मी म्हटलं. “गॅस बंद कर, असं परक्याला कोण सांगतं?”

एवढ्यावर थांबले असते तर ते विद्यार्थी कसले. रक्ताचा एक तरी शॉट हवाच, असा हट्ट सुरू झाला. हिचकॉकला बरं होतं, ‘सायको’ काळापांढरा होता, चॉकलेटच्या पाकावर भागलं. आमचं रंगीत. “आत्या, रगात माझ्याकडं लागलं,” म्हणून प्रॉडक्शन गेला आणि गुऱ्हाळावरून काकवी घेऊन आला. तिच्यात खायचा लाल रंग घातला. रक्त असं उतरलं की मलाच घेरी यावी. फक्त काकवीचं रक्त असलेल्या प्रेताला मुंग्या लागतात, आणि कधीकाळी बाकावर उभं केलेल्या सगळ्या मुलांनी एकदम सूड घ्यावा तशा लागतात. वार होतानाच्या आवाजासाठी, ‘सायको’त खरबूज भोसकलं होतं म्हणून, आवाजवाल्यानं परसात कलिंगड भोसकलं. ध्वनिमुद्रण झाल्यावर पुरावा आम्ही सर्वांनी मिळून खाल्ला.

पोलीस चौकीत आधी कळवून या, असं मी बजावलं होतं. घरातून किंकाळी आली आणि रस्त्यावर कोणी रक्तानं माखलेलं पोर पाहिलं, तर पुढचा सिनेमा चौकीतच होतो. प्रॉडक्शन पत्र देऊन आला आणि येताना हवालदारांचं नाव आभारात घालायचं कबूल करून आला. तसंच त्यानं गुऱ्हाळवाल्याला, कोबीवालीला आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही कबूल केलं होतं. नावं मोजली तेव्हा दोन मिनिटांतला तिसरा हिस्सा ऋणनिर्देशात चालला होता. ती यादी मी मास्तरकीच्या अधिकारात कापली. हवालदारांचं नाव तेवढं ठेवलं.

मग रंगीत तालीम. पंखे बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायचा विसरू नये म्हणून मोटरसायकलची किल्ली आत ठेवलेली. सिनेमावाल्यांची ही युक्ती मला फार आवडली. पोरांच्या हातात थर्माकोलचे तक्ते, त्यावरून खिडकीतलं ऊन माझ्या निपचित हातावर. दोन शिट्ट्या झाल्या, आच मंद केली, मी काकवीत पडले. शिट्टी कलते आहे, बसते आहे. मुंग्या येत आहेत. श्वास रोखलेला. कोणी हलत नाही.

आणि मागचं दार धाडकन उघडून शेजारच्या वहिनी आत आल्या. कॅमेऱ्यासमोरून, थर्माकोल ओलांडून, मला ओलांडून त्या थेट ओट्याशी गेल्या आणि गॅस बंद केला. मग त्यांनी मागे वळून रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या माझ्याकडे बघितलं.

“ताई, कवाधरनं दोनच शिट्ट्या झाल्यात. माझ्या जिवाला चैन न्हाई. म्हटलं, रिंग गेली का काय कुकरची.”

आवाजवाल्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि वहिनींना वाकून नमस्कार केला. हिचकॉकच्या कसोटीला आमची सुरुवात तालमीतच उतरली होती. टेबलाखालचा बॉम्ब दिसल्यावर प्रेक्षक मनातल्या मनात ओरडतो; आमच्या प्रेक्षकानं येऊन बॉम्ब निकामी केला.

प्रत्यक्ष चित्रीकरण पुढच्या रविवारी आहे, वहिनींना बाहेरून कडी घालून. मात्र काल भाचा नवी बातमी घेऊन आला: पुढच्या सत्रात याच चित्रपटाची शेवटची पाच मिनिटं करायची आहेत. तेव्हा आता मला मारलं कोणी, हे ठरवणं आलं, आणि तिथं आम्ही पाचही जण अडलो आहोत. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा. माणूस घरचा हवा, चप्पल वाजणारी हवी, आणि मला मारण्याइतकं कारण सबळ हवं. भाच्याचं नाव कृपया सुचवू नये. ते त्याच्या आईनं आधीच सुचवलं आहे.