ऑफन सर

सरांचं खरं नाव आता फक्त रेशन कार्डावर उरलंय. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगरात, दोन्हीकडं ते ‘ऑफन सर’च. मागच्या बाकावरून एखादं कार्टं मुद्दाम ‘ऑफ्टन सर’ म्हणतं. सरांचा खडू हवेतच थांबतो.

“‘लिसन’मधला टी म्हणतूस का?”

“नाही सर.”

“‘फासन’मधला?”

“नाही सर.”

“मंग याच गरिबाला कामून बोलतं करायलास?”

शब्दकोशांनी आता दोन्ही उच्चार दिलेत, हे सरांना ठाऊक आहे. शेकडो वर्षं गप्प बसलेला टी लोकांनी स्पेलिंग वाचून वाचून पुन्हा उठवून बसवला, हेही तेच सांगतात. पण सांगणं वेगळं आणि वर्गात चालवून घेणं वेगळं.

सोम-बुध-शुक्र लातूर, मंगळ-गुरू-शनी नांदेड. मधला प्रवास एस्टीनं, चाकूर, अहमदपूर, लोहा करत. खिशाला लाल पेन, कापडी पिशवीत डबा आणि स्वतःचा खडू. क्लासचा खडू फळ्यावर नुसता ओरखडे काढतो म्हणून. माझी त्यांची ओळख याच एस्टीतली. अहमदपूरला चहाला उतरलो की कपातला चहा निवेपर्यंत माझी एक तरी शिकवणी होते.

सरांचं दुःख मोठं आहे. लातूर पॅटर्न म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. त्या ताटात इंग्रजी म्हणजे लोणच्याची फोड. ‘नीट’ला बसायचं तर बारावीच्या इंग्रजीत नुसतं पास व्हावं लागतं, ही बातमी पोरांना होस्टेलात गादी टाकायच्या आधीच कळलेली असते. त्यामुळं सरांची बॅच पहाटे सहाला नाही तर रात्री साडेनऊला. पोरं येतात, पण सरांच्याच शब्दांत, ‘सेल्डम’.

म्हणून आल्या आल्या सर फळ्यावर शिडी काढतात. सगळ्यात वर ऑलवेज, 100 टक्के. खाली युजुअली 90, ऑफन 70, समटाइम्स 50, सेल्डम 10 आणि तळाला नेव्हर, भोपळा. मग जागा समजावतात. “ऑफन बसतो कुठं? साध्या क्रियापदाच्या पुढं, पण ॲम-इज-आरच्या मागं. एस्टीत जसं, पाशिंजरच्या पुढं अन् कंडक्टरच्या मागं.” हा नियम एकदा ऐकलेलं पोरगं जन्मात विसरत नाही, अडचण एवढीच, की पेपरात कंडक्टर ओळखू येत नाही.

2016च्या उन्हाळ्यात तर सरांनी अख्खी शिडी रेल्वे स्टेशनावर नेऊन टेकवली होती. लातूरचे नळ कोरडे पडलेले, मांजरा धरणाचा तळ उघडा. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, दहा वॅगनांची. तोपर्यंत ‘नेव्हर’, त्या दिवशी ‘वन्स’ आणि पुढं फेऱ्या वाढत गेल्या तसा ‘ऑफन’. पोरं घागरी घेऊन रांगेत, सर क्रियाविशेषणं घेऊन त्यांच्या मागं. दुसऱ्या वर्षी मुंबई-लातूर गाडी आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत न्यायचं ठरलं. आख्खं लातूर चिडलं. सरही चिडले, पण त्यांचा राग वेगळा होता. “काल-परवापर्यंत ‘ऑलवेज’चं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नव्हतं हो!”

शिडीला पहिला हादरा दिला तो अहमदपूर तालुक्यातल्या एका पोरानं.

“सर, सत्तर टक्के म्हंजे आठवड्यातून किती दिवस?”

“पाच धर.”

“मंग आमच्या गावात लाइट ऑफन जाती, का ऑफन येती?”

वर्ग फुटला. सर मात्र तो प्रश्न डब्यासोबत पिशवीत घालून एस्टीत घेऊन आले. लोह्यापर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्याकडं हिशोब टक्क्यावर नाही बघा. दोनदा गेली तरी लाइट ‘उठसूट’ जाती. महिन्यातून एकदा आला तरी नावडता पाहुणा ‘सारखा’ येतो. लेक दर पंधरा दिवसाला आली तरी आई म्हणती, ‘कधीमधी येत जा गं’. अन् नळ? नळाला वार असतो. वारंवार नसतं.” एवढं बोलून त्यांनी स्वतःच्याच विनोदाला लाल पेनानं तिकिटाच्या पाठीवर बरोबरची खूण केली.

गेल्या खेपेला सर अहमदपूरला चहाला उतरलेच नाहीत. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, वरची वही उघडी. ‘ऑफन’ वापरून वाक्य करा. होस्टेलात राहणाऱ्या एका पोरानं लिहिलं होतं, ‘माय फादर ऑफन कम्स टू मीट मी.’

“बरोबर आहे की,” मी म्हणालो.

“मीपण तेच म्हणलो. मंग सहज विचारलं, किती डाव येतेत रे? म्हणला, दोन डाव आले सर. ॲडमिशनला अन् दिवाळीच्या आधी.” सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “म्हणलं, दोन डावाला ऑफन म्हणतेत का? तर म्हणला, सर, सोयाबीन काढायचं सोडून आले होते.”

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. सरांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि वाक्याला पूर्ण मार्क देऊन टाकले.

“सर, अन् ते सत्तर टक्के?”

“पाशिंजरच्या पुढं बसलाय ना शब्द?” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मंग झालं. तिकीट विचारायचं काम आपलं नाही.”