गेटर, सेटर आणि वॉचमन

जावातला एखादा जुना क्लास उघडून बघा. वर चार ओळींत नाव, पत्ता, वय, शिल्लक असे गुण, आणि प्रत्येकापुढे ‘प्रायव्हेट’ची पाटी. खाली मात्र पानभर गेटनेम, सेटनेम, गेटएज, सेटएज. दाराला कुलूप घातलं खरं, पण शेजारी वॉचमन बसवला तो येईल त्याला आत सोडणारा. सोसायटीच्या गेटावरचा निदान वहीत नाव तरी लिहून घेतो.

ही रीत पक्की केली 1990च्या दशकात आलेल्या जावाबीन्सच्या नियमांनी. वाचायचं तर ‘गेट’, बदलायचं तर ‘सेट’, उत्तर हो-नाही असेल तर ‘इज’. नुसत्या नावांवरून साधनांना वस्तूचे गुण ओळखता यावेत, हा त्यामागचा हेतू. हेतू पुढे विसरला गेला, रीत राहिली. टाइप करायचा कंटाळा आला तेव्हा एडिटरनं ते काम एका बटणावर आणलं, आणि मग तर विचार करायचंही कारण उरलं नाही.

त्यातूनच बँकखात्याच्या क्लासमध्ये ‘सेटबॅलन्स’ येऊन बसतो. बँकेत आपण पैसे भरतो, काढतो. शिल्लक ‘सेट’ करून देणारी खिडकी कुठल्याच शाखेत नसते. असती तर आदल्या रात्रीपासून रांग लागली असती! खात्याला हवी भरण्याची एक मेथड आणि काढण्याची एक. काढताना शिल्लक पुरते का, हे तिनंच बघावं.

गेटर तरी निरुपद्रवी असेल म्हणावं, तर व्यवहारांची आतली यादी तो जशीच्या तशी हातात ठेवतो. घेणारा तिच्यात हवं ते घुसडायला मोकळा.

एखादी किंमत साठवलेली आहे की त्या क्षणी हिशोब करून दिलेली, हे विचारणाऱ्याला कळायचं कारण नाही, असं आयफेल भाषेचे कर्ते बर्ट्रांड मेयर सांगत आले. जावात मात्र हा फरक उघडा पडतो: ॲरेची ‘लेंग्थ’ कंसाविना, स्ट्रिंगची कंसासकट, आणि यादीला विचारायचं तर ‘साइझ’. नावात ‘गेट’ असलं म्हणून उत्तर सरळ मिळेल असंही नाही: तिथल्या जुन्या डेट क्लासचा गेटइयर 2024 सालाला 124 म्हणतो, कारण तो 1900 वजा करूनच बोलतो.

पायथॉनचा स्वभाव मोकळा. गुण उघडेच, नावाआधी अंडरस्कोर असेल तर समजणाऱ्यानं समजून घ्यायचं. 2001 मध्ये 2.2 आवृत्तीत ‘प्रॉपर्टी’ आली. तपासणीची गरज पडली की ती मागाहून बसवा, बाहेरच्या कोडला पत्ता लागत नाही. जावात मात्र उघड्या गुणाची मेथड केली की वापरणाऱ्या प्रत्येकाचा कोड मोडतो, म्हणून तिथे ही आगाऊ सावधगिरी. जावावाल्यांची ही बाजू मान्यच करायला हवी. पण ती गेटरपुरती. 2021 मध्ये जावा 16 नं ‘रेकॉर्ड’ कायमचे रुजू करून घेतले. त्यांच्या मेथडच्या नावाआधी ‘गेट’ नाही आणि सेटर तर नाहीतच.

तेव्हा एडिटरचं ते बटण दाबाल तेव्हा सेटरपुढची खूण काढून टाका. तुमच्या कोडला कुठे खरंच लागत असेल, तर कंपायलर ओरडून सांगेलच.