पॅच उजेडात बघून घ्या

मानखुर्द सुटलं की हार्बरची गाडी खाडीपुलावर येते आणि दारातून वारा थेट आत घुसतो. दिवसभराचा घाम सुकतो, डबा सुखावतो. एखादा मात्र तळहात कपाळाला टेकवून, मान खाली घालून उभा राहतो. वाशी गेलं, सानपाडा आलं की हात खाली. त्याच्या डोक्यावर हेअर पॅच आहे आणि पुढची टेप सुटायला लागली आहे. मला हे लगेच कळतं, कारण मीही पॅच लावतो.

हे छापून सांगायचं कारण आहे. या धंद्यातला निम्मा गलथानपणा गिऱ्हाइकाच्या गप्प बसण्यावर जगतो. ब्लाउज बाहीत दाटला तर बायका त्याच संध्याकाळी शिंप्याला शिवण उसवायला लावतात. हजारो रुपये मोजलेला पॅच कानामागे उचलला जातोय, कपाळावर रेघ दिसतेय, तरी पुरुष मित्राला विचारत नाही, बायकोला नीट दाखवत नाही, दुकानात आवाज चढवत नाही. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

बसत नसलेल्या पॅचची चूक बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच झालेली असते. नीट काम करणारा कारागीर आधी डोक्याभोवती पातळ प्लास्टिक ताणून गुंडाळतो, त्यावर चिकटपट्टीचे थर देतो आणि टक्कल कुठून कुठवर आहे ते मार्करने आखतो. तो साचा उचलला की तुमच्या डोक्याचा उंचसखलपणा हातात येतो. घाईचं दुकान हे करतच नाही. ‘नऊ बाय सहा चालेल तुम्हाला’ म्हणतं आणि तयार माल काढतं. बेस, म्हणजे केस बसवलेला पॅचचा तळ, मोठा निघाला तर मागे सुरकुती पडते, त्या सुरकुतीत घाम साचतो आणि टेप तिथूनच सुटते. लहान निघाला तर कडा खऱ्या केसांपर्यंत पोचत नाही, मध्ये कातडीची पट्टी दिसते. मग त्यावर पावडर, स्प्रे, आणखी टेप. मापातली चूक टेपने सुधारत नाही.

पुढची रेघ हा तर वेगळाच हट्ट. पंचेचाळिशीच्या माणसाला विशीतली हेअरलाइन हवी असते आणि दुकान ती आनंदाने देतं. भुवया वर करा, कपाळाला आठ्या पाडा. सगळ्यात वरच्या आठीच्या बोटभर वर रेघ यायला हवी. त्याखाली आली की कपाळ आखूड होतं आणि हसताना पॅच हलतो, कारण खालची कातडी हलते. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळही नको. कानशिलांजवळ थोडी मागे गेलेली हवी, कडेला केस विरळ हवेत. लेसवर, म्हणजे बेसच्या बारीक जाळीवर, एकेक केस गाठ मारून बसवलेला असतो. पुढच्या ओळींत त्या गाठी ब्लीच करून फिक्या केल्या नाहीत तर काळे ठिपके दिसतात. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ते दिसत नाहीत, प्लॅटफॉर्मवरच्या उन्हात दिसतात. म्हणून पैसे देण्याआधी आरसा घेऊन दुकानाच्या पायरीवर या. पायरीवर यायला लाज वाटत असेल तर त्या पॅचमध्ये ऑफिसला कसं जाणार?

घनतेचंही तसंच. भरगच्च केस म्हणजे पैसे वसूल, असं गिऱ्हाईक समजतं. चाळिशीनंतर फार थोड्यांचे केस इतके दाट असतात, आणि बाजूचे आपले केस विरळ असताना वर असं रान उगवलं की समोरच्याची नजर आधी तिथेच जाते. कमी घ्या. पॅच डोक्यावर बसवल्यावर तो आणि बाजूचे केस एकत्र कापून घ्या. ही कटिंग फार महत्त्वाची, आणि ती करणारा हात प्रत्येक दुकानात नसतो. साधी कात्री सरळ चालवली की जोड दिसतो. थर पाडत, कात्री उभी धरून कापावं लागतं. पॅचचे केस पुन्हा वाढत नाहीत, त्यामुळे चुकलेली कात्री महिनोन्महिने डोक्यावर राहते. बाजूचे पांढरे होत जातात, वरचे काळेच. कारखान्यात रंगवलेले केस ऊन आणि पाण्याने लालसर पडतात, ते वेगळंच. पॅचमध्ये घातलेले पांढरे केस बऱ्याचदा कृत्रिम असतात. गरम ड्रायर लागला की आकसतात.

‘शंभर टक्के ह्यूमन हेअर’ या पाटीनेही हुरळून जाऊ नका. मुंडणाचे केस मुळापासून टोकापर्यंत एकाच दिशेने गोळा होतात, त्यांवरचे सूक्ष्म खवले एका बाजूला झुकलेले राहतात, केस मोकळे राहतात. कंगव्यात निघालेले केस आपल्याकडे भांडीवाल्या बायका घेऊन जातात; त्यात मूळ कुठलं नि टोक कुठलं याचा पत्ता नसतो, म्हणून त्यांचा गुंता होतो. तेही माणसाचेच केस. एक केस काढून काडी लावा: खरा असेल तर जळका वास येऊन राख होते, कृत्रिम असेल तर वितळून गोळी होते. पण दिशा काडीने कळत नाही, त्यासाठी विचारावंच लागतं. मालाची टंचाई नाही. तिरुपती देवस्थान केसांचा लिलाव करतं आणि इथल्या उद्योगाला माल मिळावा म्हणून केंद्राने जानेवारी 2022 मध्ये कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. आपल्याकडे कमी पडते ती कारागिरी.

आमच्या सानपाड्याची हवा टेपची वैरीण आहे. एका बाजूला खाडी, जूनपासून दमट उकाडा, त्यात पाम बीच रोडला दुचाकी आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढायचंच म्हणाल तर मी तुमच्या बाजूने नाही. आत पातळ सुती टोपी घाला आणि हेल्मेट सरळ वर उचला, मागून पुढे ओढू नका. टेप लावण्याआधी कातडीवरचं तेल स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं असतं. हे एक मिनिट वाचवणाऱ्याची टेप पावसाळ्यात आठवडाही धरत नाही. खाज सुटली तर पॅच काढा. ‘सवय होईल’ असं दुकान सांगतं, पण बंद कातडीखाली बुरशीही असू शकते आणि गोंदाची अ‍ॅलर्जीही. ती बघायला त्वचारोगतज्ज्ञ आहेत. क्लिपवाले पॅचही निर्धोक नाहीत: रोज त्याच चार ठिकाणी ओढ बसली की तिथले उरलेले केसही गळतात.

खरी अडचण मात्र आपल्या घरात उभी राहते. पॅच बनवणाऱ्यांनी आपले सणवार मनात धरलेले नाहीत. अभ्यंगस्नानाला आई कौतुकाने डोक्यावर तेल थापते, आणि तेलाने टेप सुटते. हळदीत तेच. लग्नात मुंडावळ्यांची दोरी बरोबर लेसच्या कडेवरून जाते, भटजी मागे करकचून गाठ मारतात, वर फेटा बसतो. तासाभराने फेटा उतरवताना काय होतं, हे ज्याने सोसलंय त्यालाच विचारा. फेटा बांधणाऱ्याला आधी बाजूला घेऊन सांगितलं तर तो पहिला वेढा सैल ठेवतो, मुंडावळ्या बोटभर खाली बांधता येतात. आणि वडील जातात तेव्हा? घरात क्षौराची रीत असेल तर न्हावी वाट बघत असतो, चारचौघांत डोकं पुढे करायचं असतं. त्या दिवशी तरी माणसावर पॅच लपवायचं ओझं असू नये. एका चुलतभावाला माहीत असलं तरी पुरतं. तो पुढचं सांभाळतो.

बायकोला तर लग्नाआधीच सांगायला हवं. 2020 मध्ये मीरा रोडच्या एका नवविवाहितेने पोलिसांत तक्रार दिली, की नवऱ्याने टक्कल लपवलं आणि विगचं लग्नानंतर कळलं. तिच्यावर तेव्हा बरेच जण हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. टक्कल हा दोष नाही, पण जिच्यासोबत एका खोलीत झोपायचं तिला अंधारात ठेवणं हा आहे.

कामाला नाव लागलं की काय होतं, ते नाटकात बघा. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह सानपाड्याहून जवळच. तिथे पडदा उघडण्याआधी नेपथ्यकारासोबत रंगभूषाकाराचं नाव माइकवरून सांगतात. टोप सरकला तर प्रेक्षकांना दिसणार आणि नाव कुणाचं तेही त्यांना ठाऊक असणार. म्हणून तिथे टोप प्रयोगाआधी दहादा दाबून बघतात. पॅचच्या दुकानात कुणाचंच नाव लागत नाही. मागच्या दाराने या, पडद्याआड बसा, बिलावर ‘हेअर सर्व्हिस’ एवढंच, आणि कधीकधी बिलच नाही. मला एका दुकानात सांगितलं गेलं, ‘साहेब, डोकंच तुमचं वाकडं आहे.’ मी दुसरीकडे गेलो, तिथे साचा घेतला, आणि पॅच त्याच डोक्यावर बसला.

याच हार्बर मार्गावर पुढे खारघरला टाटा स्मारकचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. केमोने केस गेलेल्या बायका तिथे ये-जा करतात. त्यांच्यातल्या काहींना टोप हवा असतो, काहींना ओढणी पुरते, काहींना काहीच नको असतं. त्यांना निवड मिळावी यासाठी टोप सैल न बसणं, आतली शिवण कोवळ्या कातडीला न टोचणं, याला फार मोल आहे. नीट माप घेणारा कारागीर तिथेही लागतोच.

तेव्हा पक्कं बिल मागा. त्यावर बेसचा प्रकार, माप, केस कुठले, रंगाचा क्रमांक, पहिली कटिंग कोण करणार आणि बसला नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल, हे लिहून घ्या. टेपचा तुकडा आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघा. दुकान ऐकत नसेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल आणि सेवेतली त्रुटी दोन्ही येतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. नवी मुंबईकरांसाठी ग्राहक आयोग सीबीडी बेलापूरला कोकण भवनात बसतो. सानपाड्याहून पनवेल गाडी पकडा. पॅच लावून जा किंवा पिशवीत घालून न्या, बिल मात्र सोबत असू द्या.