विरहाचा दाखला
अमेरिकेच्या १९५२च्या स्थलांतरविषयक कायद्यातील कलम २१४(ब) पर्यटक म्हणून येऊ पाहणाऱ्या प्रत्येकास, उलट शाबीत होईपर्यंत, कायमच्या मुक्कामाचा इच्छुक मानते, ही दूरदृष्टी वंदनीय होय. अमेरिकेतील पतीने पत्नीसाठी केलेला स्थलांतराचा अर्ज प्रलंबित असता एका दप्तरात लग्नाचा अल्बम धाडून सहवासाची ओढ सिद्ध करावी, आणि तोवर भेटीपुरता पर्यटक व्हिसा मिळावा म्हणून दुसऱ्या दप्तरापुढे पत्नीने आंब्याच्या दोन झाडांसह सातबारा मांडून पतीवाचून उत्तम करमत असल्याची खात्री पटवावी, यात विसंगती पाहणारे अरसिकच. आमची नम्र सूचना एवढीच, की पर्यटक व्हिसाच्या अर्जास दांपत्यकलहाचे प्रतिज्ञापत्र जोडण्याची मुभा असावी. म्हणजे परवाना हातोहात मिळेल, आणि तेच प्रतिज्ञापत्र पहिल्या दप्तरात पोचताच विवाह बनावट ठरून मूळ अर्जही निकालात निघेल. अर्जदारांनी ध्यानी ठेवावे, नकार मिळाला तरी अर्जाचे शुल्क परत मिळत नाही.