किल्ल्यामागच्या वाडीतली खोप

अहो, ऐकलंत का? किल्ल्यामागच्या वाडीतली खोप पाडली! तीच हो, २०२१च्या ‘तौक्ते’त जिचे पत्रे उडून पलीकडच्या नारळीत अडकले होते. तेव्हापासून टेकू लावून उभी होती बिचारी. आता नवी बांधतायत. आणि तिथंच तर खरी मजा...

वाडीचे मालक भाऊ, त्यांच्या मनात काय होतं, माहितीय? वर स्लॅब, दोन खोल्या, संडास-बाथरूम आणि शनिवार-रविवार मुंबईची गिऱ्हाइकं. केळव्याला सगळे करतात, मग आपणच का मागं? गवंड्याला अ‍ॅडव्हान्ससुद्धा देऊन बसले म्हणे! मी सांगितलं म्हणून बोलू नका हं.

तर काय सांगत होते... भाऊंची धाकटी सून आर्किटेक्ट नाही का? टेप घेऊन आली, जुनं जोतं मोजलं नि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, समुद्र दोनशे मीटरच्या आत आहे. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, जुनं अधिकृत असेल तेवढं परत उभारता येतं, पण जोतं तेवढंच." भाऊंचा चेहरा अस्सा उतरला! बशीतला चहा बशीतच. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते हो, मी बघितलं ना.

सुनेनं काढलेला नकाशाही बघितला मी. म्हणजे मुद्दाम नाही, ओट्यावरच पडला होता. छप्पर चारी बाजूंनी उतरतं, वाऱ्याला धडकायला उभा त्रिकोणच नाही. वळचण आखूड, कारण लांब वळचणीखाली वारा शिरला की अख्खं छप्पर उचलतो. पत्रा खाऱ्या हवेत गंजतो, म्हणून मंगलोरी कौलं, कडेच्या ओळी तारेनं बांधलेल्या. आणि भिंती... बसा आधी. कारवीच्या कुडाच्या!

गवंडी फिसकन हसला. "वहिनी, कूड पाडून लोकं विटा लावतात, आणि तुम्ही उलटं?" तर सून शांतपणे म्हणते, "आत नारळ, सुपारी, पेंढा राहणार. त्यांना हवा खेळायला नको? शिवाय डहाणूकडं २०१८पासून जमीन हादरतेय. जड भिंत अंगावर आली तर?" गवंडी मान खाली घालून थापी पुसत बसला. आता कूड बांधायला पाड्यावरच्या आजी येतात. एकेक कारवी वाकवून बघतात, कडकन मोडली की बाजूला. गवंड्याकडं बघतसुद्धा नाहीत!

पण खरी गंमत अ‍ॅडव्हान्सची. तो काही परत आलेला नाही, आणि काकूंना त्यातलं अजून काही... अगंबाई, काकूच आल्या वाटतं. हो हो, कढीपत्ताच मागत होते मी!