तबकड्यांचं उत्तरकार्य

नवरा गेल्यावर काय काय करायचं, हे सांगायला माणसं असतात. दहाव्याचं गुरुजी सांगतात, पेन्शनचं बँक सांगते आणि उरलेलं सगळं नणंद सांगते. पण नवऱ्यामागे ४१२ लाखेच्या तबकड्या, दीडशेच्या आसपास एलपी आणि तीन ट्रंका भरून कॅसेटी उरल्या तर त्यांचं काय, याबद्दल गरुडपुराणात एक अक्षर नाही. तेरा दिवस कान देऊन ऐकलं, म्हणून सांगते. सबब ही मार्गदर्शिका. लेखिकेची पात्रता अशी : पन्नासाला चार महिने कमी इतका संसार, टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी आणि संगीताचं ज्ञान शून्य. शेवटची अट फार महत्त्वाची. ज्याला गाणं कळतं त्याच्या हातून आवराआवर होत नाही. तो ऐकत बसतो.

सर्वांत आधी वजन काढावं. दहा इंची लाखेची तबकडी साधारण दोनशे ग्रॅम भरते. ४१२ ने गुणा. ऐंशी किलोच्या वर गेलं ना? आमचे हे शेवटी अठ्ठावन्न किलोंचे होते. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या माळ्याखाली झोपत होते, त्याच्यावर नवऱ्यापेक्षा जड काहीतरी पडलेलं होतं. सुतार तेव्हाच म्हणाला होता, माळ्याला मधे टेकू द्या. दिला नाही. टेकूच्या पैशांतून ‘यंग इंडिया’ची एक तबकडी आली.

२००१ साली आम्ही गिरगावातल्या चाळीतून हाटकेशला आलो. टेंपोत पुढे, ड्रायव्हरशेजारी, चावीचा ग्रामोफोन मांडीवर घेऊन हे बसले. मी मागे, फ्रिज आणि गादीच्या मधे. मीरा-भाईंदर महापालिका झाली २८ फेब्रुवारी २००२ ला, म्हणजे आमच्यानंतर. त्या हिशेबानं हे स्वतःला इथले मूळ रहिवासी म्हणवत आणि मीरा गावातले आगरी शेजारी ते ऐकून पोट धरून हसत. जागा घेताना आम्ही पाणी किती वेळ येतं हे विचारलं, स्टेशन किती लांब हे विचारलं. यांनी एकच प्रश्न विचारला : “उद्योगनगरातले गाळे रविवारी बंद असतात का?” बिल्डरच्या माणसाला वाटलं, गृहस्थांना शांतता प्रिय आहे. तसंच होतं, पण ती शांतता आपल्यासाठी नव्हती, सुईसाठी होती. प्रेस मशिनचा दणका बसला की सुई दोन आटे पुढे जाते आणि बुवा एका तानेतून थेट दुसऱ्या अंतऱ्यात पडतात.

वजन झालं की धूळ. इथे नातेवाइकांना लांब ठेवावं. माझ्या भाच्यानं मावशीच्या मायेपोटी एक तबकडी सॅनिटायझर लावून स्वच्छ पुसली. लाख ही स्पिरिटात विरघळते. बांगड्यांची लाख, टपालाच्या सीलची लाख आणि ही लाख एकाच किड्याची देणगी आहे. भाच्यानं पुसलेल्या तबकडीवर आता बोटांचे ठसे कायमचे उमटले आहेत. पोलिसांना उपयोगी पडतील, ग्रामोफोनला नाही. साधं पाणी, साबणाचा एखादा थेंब, जुनं मऊ धोतर, आणि मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. धोतर घरात शोधावं लागलं नाही. एलपी मात्र लाखेची नसते, तिला उष्म्याचं वावडं. गॅलरीत उन्हाला ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत तिची पत्रावळ होते. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, भाकरीसारख्या एकीवर एक रचू नयेत. पावसाळ्यात आमच्याकडे खाडीचा दमट वारा घरात शिरतो आणि कव्हरांवर पांढरी बुरशी धरते. हे तिला ‘प्राजक्त’ म्हणत आणि ब्रशनं हलकेच वेचत. माझ्या लोणच्याला बुरशी आली तेव्हा मात्र असा शब्द सुचला नव्हता.

आता थोडा इतिहास, कारण विकत घ्यायला येणारा माणूस तुमची परीक्षा घेतो. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला फ्रेड गैसबर्ग नावाच्या साहेबानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला गेल्या. तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळावं म्हणून गाणं संपताना बाई स्वतःच इंग्रजीतून ठणकावून आपलं नाव सांगायच्या. ही गोष्ट मी यांच्या तोंडून वर्षातून दहा वेळा तरी ऐकली. सांगणारा माणूस पन्नास वर्षं मला ‘अगं’ म्हणत होता, हे जाता जाता नोंदवते. दुसरी कथा भाऊराव कोल्हटकरांची. ते वारले फेब्रुवारी १९०१ मध्ये. मुद्रणाचं यंत्र आलं त्यानंतर पावणेदोन वर्षांनी. ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’चा तो आवाज कुणालाच ठेवता आला नाही. आमचे हे ही कथा सांगताना असा चेहरा करत की जणू चर्चगेटची शेवटची लोकल डोळ्यांदेखत सुटली. भास्करबुवा बखले तर १९२२ पर्यंत होते आणि तरी त्यांची तबकडी नाही. या प्रश्नावर आमच्याकडे जेवणं थंड झालेली आहेत.

परीक्षेत विचारला जाणारा तिसरा मुद्दा वेळेचा. अशा तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. तासभर चालणारा ख्याल गवयांनी तेवढ्यात कसा बसवला हा अभ्यासकांचा विषय आहे. माझा विषय एवढाच की आमच्या घरात कोणतंही संभाषण साडेतीन मिनिटांपलीकडे गेलं नाही. बाजू उलटायची वेळ व्हायची, पिन बदलायची वेळ व्हायची. पोलादी पिन दर बाजूला नवी लागते, नाहीतर ती चर खाते. लग्नात माझ्याबरोबर सात पावलं चालले. तिच्याबरोबर मिनिटाला ७८ फेरे.

येणाऱ्यांचे प्रकार. भंगारवाला हा त्यातल्या त्यात सरळ माणूस. त्यानं तबकडी हातात घेतली, वाजवून पाहिली – बोटानं – आणि म्हणाला, “आजी, हे फुटतं. प्लास्टिक असतं तर घेतलं असतं.” चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून आलेले गृहस्थ याहून सुशिक्षित. त्यांनी यांच्या ४१२ तबकड्यांवरून रांगोळीवरून जपून चालावं तशी नजर फिरवली आणि विचारलं, “आर. डी. बर्मन आहे का?” नव्हता. मग त्यांनी चहा घेतला. भावगीतं, नाट्यपदं, बालगंधर्व, हिराबाई हे सगळं ‘भरपूर निघतं’ असं त्यांचं मत पडलं. बालगंधर्वांच्या तबकड्या एके काळी घराघरात होत्या, म्हणून आज त्यांना भाव कमी. जी कुणीच घेतली नाही ती आज दुर्मीळ. या न्यायानं आमच्या धाकट्या दिरांच्या कविता फार महाग जायला हव्यात.

सर्वांत सावध राहावं ते दर्दी मित्रांपासून. सांत्वनाला आलेल्या माणसाची नजर तसबिरीवर आहे की कपाटावर, हे बघावं. “वहिनी, काही लागलं तर सांगा,” इथपर्यंत ठीक. “वहिनी, ही एक ऐकून परत देतो,” हे वाक्य आलं की चहात साखर कमी घालावी. हे स्वतः असेच कुणाकुणाकडे सांत्वनाला जाऊन आले आहेत. परत न केलेल्या सहा तबकड्या मला सापडल्या, मागे चिकटपट्टीवर मूळ मालकांची नावं होती. पाच जणांच्या घरी पोचवल्या. सहाव्याचं घर पुनर्विकासात गेलं.

मुलगा परदेशात असतो. त्याचं म्हणणं, सगळं डिजिटल कर आणि मोकळी हो. कायदा तसा आड येत नाही : ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, त्यामुळे जुना माल बहुतेक सगळा मोकळा आहे. मोकळं कसं व्हायचं, ते कायद्यात नाही. ज्यांना खरोखर चांगल्या हाती द्यायचं असेल, त्यांनी संग्राहकांनाच गाठावं. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी तबकड्यांच्या याद्या, क्रमांक, गायकांच्या हकिकती जमवून छापल्या. हे त्या मंडळींबद्दल सासरच्या माणसांसारखं बोलत. काळ्या घोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा यांनी दुपारी जेवण घेतलं नाही. रात्री घेतलं.

यादी करायचं काम मला पडलं नाही. हे बँकेत कॅशियर होते. प्रत्येक तबकडी खातेवहीत चढलेली. अनुक्रमांक, कंपनी, तबकडीवर कोरलेला नंबर, घेतल्याची तारीख, किंमत (ही खोटी आहे, मी पावत्या जुळवल्या) आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. ‘तडा.’ ‘किंचित खरखर.’ ‘कडेला कपची.’ कॅसेटींची वही वेगळी. तिच्यातले शेरे मला कळेनात. ‘कुकर, ३.’ ‘भोंगा.’ ‘सौ., दोनदा.’

कॅसेटींबद्दल थोडं तांत्रिक. पोलादी पिनेनं तबकडी दर वेळी थोडी झिजते, म्हणून हे तबकडी एकदाच लावत, तिची कॅसेट करत आणि मग कॅसेट ऐकत. चावीच्या ग्रामोफोनला वायर जोडायची सोय नसते. भोंग्यासमोर टू-इन-वन ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि श्वास रोखायचा. टू-इन-वनच्या माइकला एक खोड असते : गाणं चालू असलं की तो गाणं घेतो, गाणं थांबलं की आपला कान आपणच मोठा करतो आणि लांबचंही टिपतो. म्हणजे दोन तबकड्यांच्या मधल्या शांततेत स्वयंपाकघर अगदी स्पष्ट ऐकू येतं. गाळे बंद म्हणून मुद्रण रविवारी दुपारी. रविवारी दुपारी मी कुठे असणार? आणि ऑपरेटरचा आवाज. ट्रंक कॉलवर नागपूरला पोचायचा, तो आतल्या खोलीतून बाहेर पोचायला काय वेळ.

मी ट्रंक उघडली ती यांचा आवाज मिळतो का बघायला, हे कबूल करते. फोनमधले संदेश मुलानं चुकून पुसले होते. नव्वद कॅसेटी ऐकल्या. यांचा आवाज एकाही कॅसेटीत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना हे कधी बोललेच नाहीत, खोकलेसुद्धा नाहीत. आवाज आहे तो माझा. “अहो, पाणी आलंय, बादली लावा.” “अहो, ऐकू येतंय का?” “बंद करा ते, कोणीतरी आलंय.” उत्तर नाही. यांच्यावरचा माझा जुना आरोप, की हे ऐकतच नाहीत, पुराव्यानिशी सिद्ध होत होता आणि मी जरा खूशही होते. मग एके ठिकाणी मी ओरडते, “कुकर बंद करा, माझे हात पिठात आहेत.” गाणं चालू आहे. हळूच खुर्ची सरकते. सपाता जातात. कुकरचा फुसफुसाट थांबतो. सपाता परत येतात आणि गाणं संपायच्या आत खुर्चीत बसतात. एवढं कळल्यावर आधीच्या कॅसेटी पुन्हा लावल्या. पाण्याच्या वेळीही सपाता आहेत.

वाचकांना तंत्राची शेवटची सूचना. कॅसेटीच्या पाठीला दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, प्रत्येक बाजूला एक. पट्टी शाबूत असेल तर त्या बाजूवर पुन्हा मुद्रण करता येतं, आधीचं पुसलं जातं. पट्टी मोडली की लाल बटण दाबलंच जात नाही. हे पट्ट्या मोडायच्या विरुद्ध होते. कोरी कॅसेट महाग, उद्या याच गाण्याची चांगली तबकडी मिळाली तर त्याच्यावरच घेता येईल, असं म्हणायचे. तीन ट्रंकांत बहुतेक सगळ्या कॅसेटींच्या पट्ट्या शाबूत आहेत.

वहीत ‘सौ.’ असा शेरा असलेल्या कॅसेटी सतरा आहेत. काढून बघितल्या. सतराच्या सतरा कॅसेटींच्या दोन्ही पट्ट्या मोडलेल्या आहेत.