भाऊंचा चौथा दशांश

युरो पडला की आरे-वारेत सर्वांत आधी कळतं ते भाऊंना. गावात बिबट्या येऊन गेला, तर ते त्यांना चौथ्या दिवशी कळतं.

मुंबईत हयात घालवून, फंडाचे पैसे घेऊन गावी परतलेली आणि ‘आता निवांत’ म्हणता म्हणता कशात तरी गुंतून बसलेली एक जमात रत्नागिरी ते गणपतीपुळे या सागरी रस्त्यावर जागोजाग भेटते. कोणी बांबू लावतो, कोणी कोकम सरबताचा ब्रँड काढतो, कोणी भावकीशी जुना दावा नव्याने उकरतो. भाऊ त्याच जमातीतले. फक्त त्यांनी एकदम दोन उद्योग धरले. फंडातून आधी ओव्हन आला, उरलेल्या पैशांतून फॉरेक्स.

ओव्हनचं समजू शकतो. भाऊंची सगळी नोकरी मुंबईतल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात झाली. घर सुरूच्या बनाच्या अलीकडे, मागे माडाची वाडी, पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना. पुळ्याच्या गणपतीचं दर्शन करून येणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्या दिवशी मासे चालत नाहीत, आणि मुलांपुढे फणसाची भाजी ठेवली की मुलं ताटाकडे न बघता आईकडे बघतात. अशांसाठी भाऊ बेक्ड व्हेज करतात. ते करताना त्यांच्याकडे बघावं. फ्लॉवर, गाजर, फरसबी, मटार अर्धकच्चे उकडून चाळणीत निथळत ठेवतात, आणि निथळले म्हणजे निथळले. पाणी राहिलं तर ओव्हनमध्ये भाजीचं कालवण होतं. हंगामात त्यात ओले काजूगर पडतात. दोन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा, मंद आच. मैद्याचा कच्चा वास जायला हवा, पण रंग बदलता कामा नये. मग दीड कप गार दूध, तेही एकदम नाही. थोडं ओतायचं, घोटायचं, पुन्हा थोडं. वाडीतलंच जायफळ किंचित किसायचं. भाजी, सॉस, वर चीज आणि पावाचा चुरा. दोनशे अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. वरचा पापुद्रा बदामी झाला की बाहेर.

“घाईने दूध ओतलंन की गुठळ्या,” भाऊ सांगतात. “माणसाला थांबता आलं पाहिजे.”

हाच माणूस शंभरपट उधारीवर युरो घ्यायचा.

त्याचं असं झालं, की शेजारच्यांच्या पुण्यातल्या भाच्याने भाऊंना टेलिग्रामवरच्या कुठल्याशा ग्रुपात घातलं. तिथे एक ‘सर’ होते. सरांचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, सरांची गाडी मात्र सगळ्यांनी पाहिली आहे. जगात दिवसाला साडेनऊ लाख कोटी डॉलरहून जास्त चलनाची उलाढाल होते, असं सरांनी सांगितलं. हे खरं आहे. बासेलच्या बीआयएस या आंतरराष्ट्रीय बँकेने एप्रिल २०२५ साठी तसाच आकडा दिला आहे. त्यातलं चिमूटभर आपल्या वाट्याला आलं तरी पुरे, असंही सरांनी सांगितलं. याला मात्र बासेलचा दुजोरा नाही.

मग भाऊंना पिप भेटला. युरो १.०८५० वरून १.०८५१ डॉलर झाला, म्हणजे चौथा दशांश एका आकड्याने हलला, की तो एक पिप. पापलेट घेताना भाऊ कोळणीशी पंचवीस रुपयांसाठी हुज्जत घालत नाहीत. “जाऊ दे, तिलाही पोरंबाळं आहेत,” म्हणतात. चौथ्या दशांशासाठी मात्र रात्री दोनपर्यंत जागायचे. दुपारच्या जेवणाच्या वेळीच लंडन उघडतं, पाहुण्यांच्या चहाला न्यूयॉर्क उघडतं. शनिवार-रविवार जगातला चलनबाजार बंद, आणि नेमके तेव्हाच पर्यटक येतात, म्हणून हा संसार टिकला.

सुरुवातीला भाऊ रोज नफ्यात होते. नाक्यावर चहाचे पैसे देऊ लागले. गावाला हेवा वाटला, दोघा-तिघांनी शिकवणीही लावली. पुढे कळलं की ते खातं डेमोचं होतं. कंपनीने सरावाला दिलेले दहा हजार खोटे डॉलर. हे उघड झालं ते वहिनींच्या एका साध्या प्रश्नाने.

“अहो, त्या डेमोच्या डॉलरात गॅसचा सिलिंडर येतो काय?”

त्या प्रश्नाच्या रागात भाऊंनी खरे पैसे घातले. शंभरपट उधारी म्हणजे काय, ते शिकवणीच्या पोरांना त्यांनी स्वतःच समजावलं होतं: दहा हजार ठेवले की दहा लाखांचा सौदा करता येतो. भाव एक टक्का उलटा गेला की ते दहा हजार संपतात, हे वाक्य मात्र त्या दिवशी लाईट गेल्यामुळे राहिलं.

मग तो शुक्रवार आला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अमेरिका आपल्याकडच्या शेतीबाहेरच्या नोकऱ्यांचा आकडा जाहीर करते. उन्हाळ्यात तो आपल्याकडे संध्याकाळी सहाला येतो. आमच्या गावातल्या शेतीबाहेरच्या नोकऱ्या मोजायला दोन हातांची बोटं पुरतात, पण अमेरिकेतल्या नोकऱ्यांसाठी भाऊंचा जीव दुपारपासून टांगणीला लागला होता. त्यात कोल्हापूरची मंडळी उतरलेली. तांबडा-पांढरा मिळणार नाही हे कळल्यावर त्यांनी उदार मनाने बेक्ड व्हेज सांगितलं. पावणेसहाला भाऊंनी भांडं ओव्हनमध्ये सरकवलं, वहिनींना “पंचवीस मिनिटं, मध्ये दार उघडू नकोस” असं बजावलं आणि ॲक्टिव्हा काढून घाटावर गेले. घरात रेंज नाही. दोन्ही किनारे एका नजरेत दिसतात त्या वळणावर पर्यटक सूर्याकडे पाठ करून सेल्फी काढत होते. त्यांच्यात भाऊ एकटेच समुद्राकडे पाठ करून मोबाईल बघत उभे.

नोकऱ्या वाढल्या. अमेरिकेतल्या लोकांना कामं मिळाली, ही आनंदाची बातमी. डॉलर वर गेला, युरो खाली आला, आणि त्याबरोबर भाऊंचं खातं. थांबता आलं पाहिजे म्हणणाऱ्या माणसाने तोटा थांबवणारा स्टॉपलॉस लावला नव्हता.

खाली आले तेव्हा अंगणातच वास आला. “करपलं काय?” भाऊंनी घाबरून विचारलं.

“भाजी नाही करपली,” वहिनी म्हणाल्या.

कोल्हापूरकरांनी भांडं पुसून खाल्लं आणि दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा सांगितलं.

याच सुमारास भाच्याला कोणीतरी दाखवलं, की परवानगी नसलेल्या फॉरेक्स कंपन्यांची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासूनच लावली आहे, आणि परदेशी ॲपवर असले सौदे करणं हे फेमा कायद्यात बसत नाही. ग्रुपातून सर नाहीसे झाले. गाडीचं काय झालं, कळलं नाही.

भाऊ खचले नाहीत. या जातीची माणसं खचत नाहीत, फक्त मार्ग बदलतात. आता सरळ मार्गाने करायचं, राष्ट्रीय शेअर बाजारात! तिथे २९ ऑगस्ट २००८ पासून डॉलर-रुपयाचे वायदे होतात, एक लॉट हजार डॉलरचा. चौकशी केली तर तिथेही दार किलकिलं. मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचं म्हणणं असं, की परकीय चलनात तुमचं खरं येणं किंवा देणं असेल, तर त्याच्या जोखमीपुरता सौदा करा. नुसत्या अंदाजावर नको. म्हणजे एक्स्पोजर हवं. हापूस परदेशी पाठवणाऱ्याकडे ते असतं.

“आमचं आहे की!” भाऊ म्हणाले. “मामेभाऊ दुबईला आहे.”

मामेभाऊ गणपतीला येताना खजूर आणतो. त्याला एक्स्पोजर म्हणत नाहीत. शिवाय दिरहमचे वायदे आपल्या बाजारात मिळत नाहीत, आणि तो दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या भावाने बांधलेला असल्यामुळे त्याच्या चौथ्या दशांशातही काही करमणूक नाही.

सध्या भाऊ एक रुपयाचाही सौदा करत नाहीत. भाकितं मात्र चालू आहेत, आणि जोखीम नसल्यामुळे त्यांना आता धार आली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली, तेव्हा ते दोन दिवस “मी बोललोच होतो” असं सांगत हिंडत होते. कोणाला बोलले होते, तो माणूस अजून पुढे आलेला नाही. नंतर म्हणाले, १९६६ च्या जूनमध्ये डॉलर एका रात्रीत ४.७६ वरून साडेसातावर गेला, तेही त्यांना आठवतं. तेव्हा ते दुसरीत होते.

वाडीतल्या म्हाताऱ्या काकू अलीकडे एकदा ते बेक्ड व्हेज चाखून म्हणाल्या, “खालीवर निखारे ठेवून आम्ही कोबीचं भानोलं करायचो, त्यातलंच हे. तेव्हा वर चीज नव्हतं, खाली कर्ज नव्हतं.” भाऊंनी ऐकलं नाही. ते पुढच्या खोलीत एका पाहुण्याला येनचं भवितव्य सांगत होते.

त्या बाजूला जाणार असाल तर बेक्ड व्हेज दोन तास आधी सांगून ठेवा, पैसे रुपयांत द्या, आणि डॉलर कुठे जाणार हे चुकूनही विचारू नका. गार झालं की चीजचं कातडं होतं.